घड्याळ देऊन घेतलेली बॅटरी

साखरेच्या डब्याला मुंग्या लागल्यात का, हे मालनबाई फडतरे ज्या बॅटरीने बघत होत्या, ती बॅटरी मी बारा वर्षं शोधत होतो.

दुपारचे साडेअकरा वाजले असतील. मी त्यांच्या ओटीवर लोखंडी खुर्चीत बसलो होतो आणि समोर आतल्या खोलीत त्या माझ्या चहासाठी साखर काढत होत्या. त्या खोलीला खिडकी नव्हती, दिवसासुद्धा तिथे उजेड लागायचा. त्यांनी कमरेला खोचलेली एक काळी, आखूड नळी काढली आणि अंगठ्याने तिचं बूड दाबलं. डब्यात पिवळा उजेड पडला. आपल्याकडच्या बॅटऱ्यांचं बटण कुशीला असतं. हिचं बुडाला होतं, रबराचं. तेवढं मला पुरेसं होतं. हातातलं पाण्याचं भांडं मी खाली ठेवलं.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा विमा कंपन्यांसाठी नुकसानीचे पंचनामे करायचो. लोकांचं काय काय जळलं ते बघायचं आणि त्यातलं बरंचसं आधीपासूनच जळाल्यासारखं होतं असा अहवाल लिहायचा, हा माझा धंदा. या धंद्यात नाव होतं माझं. कोरेगावच्या पुढे धोंडेवाडी म्हणून गाव आहे, तिथल्या पोपट बर्ग्यांची पिठाची गिरणी जळाली होती, म्हणून मी पुण्याहून गेलो होतो. बर्ग्यांची बायको माहेरी होती, म्हणून त्यांनी मला चहाला शेजारच्या मालनबाईंकडे आणून बसवलं आणि ते स्वतः गिरणीचे कागद शोधायला गेले. कागद मिळेपर्यंत अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात जे झालं ते मी पुण्यात अजून कुणाला सांगितलेलं नाही.

मला जुन्या बॅटऱ्या जमवायचा नाद. तेव्हा माझ्याकडे ऐंशीच्या वर होत्या, काचेच्या कपाटात, ओळीने. आमच्याकडे वीज गेली की बायको मेणबत्ती लावायची, कारण माझी एकही बॅटरी वापरायची नसे. मालनबाईंच्या हातात होती ती परदेशी बनावटीची, सैनिकांसाठी केलेली, बंदुकीच्या नळीलासुद्धा जोडता येणारी. आता तशी बॅटरी कुठल्याही दुकानात मिळते. पण या घराण्यातली अगदी पहिली खेप काहीशेच नगांची होती, आणि त्या खेपेच्या अंगावर नंबर यंत्राने नव्हे, हाताने कोरलेला असे. पुढे यंत्र आलं आणि नंबर सरळ झाले. वेड्यावाकड्या नंबराची बॅटरी मी फक्त फोटोत पाहिली होती.

"बघू जरा," मी म्हणालो, जांभई दिल्यासारखं करून.

त्यांनी दिली. मी दाराशी उजेडात गेलो. तोंडाच्या कडेचा काळा रंग खिशात घासून घासून उडाला होता आणि खालचा पांढरा धातू दिसत होता. जाणकाराला असंच हवं असतं. वस्तू वापरलेली आहे पण कुणी तिच्यावर हात चालवलेला नाही, याची ती खूण. काच मूळची. बुडाचं रबर मूळचं. आणि कुशीला, शून्य दोन एक सात. सात असा कोरलेला, की कोरणाऱ्याचा हात घसरला असावा. मी तो नंबर अंगठ्याने झाकून घेतला, कुणी बघू नये म्हणून. बघणारं तिथे होतं कोण? एक म्हातारी आणि दारातली शेळी.

माझा चेहरा हे माझं भांडवल. समोर कोट्यवधीचा माल असला तरी भंगार बघत असल्यासारखा तो राहतो. तसाच चेहरा ठेवून मी बॅटरी परत दिली आणि कुठून आली म्हणून विचारलं.

त्यावर मालनबाई खाली बसल्या आणि त्यांनी सगळंच सांगितलं. नवरा सुभेदार दिनकरराव फडतरे, दोन वर्षांमागे वारला. भिंतीवर त्याचा फोटो होता, वर्दीतला, खाली पदकं लावलेली, ताज्या झेंडूचा हार घातलेला. हा सुभेदार चौऱ्याण्णव साली शांतिसेनेबरोबर सोमालियाला गेला होता. तिथे दुसऱ्या फौजेतल्या एका गोऱ्याशी त्याची ओळख झाली. मायदेशी परतायच्या दिवशी त्याने हातातलं घड्याळ काढून गोऱ्याला दिलं आणि गोऱ्याची ही बॅटरी घेतली. आता घड्याळ साधं असतं तर गोष्ट तिथेच संपली असती. पण ते लग्नातलं होतं. मालनबाईंच्या वडिलांनी जावयाला घड्याळ करायचं म्हणून दुभती म्हैस विकली होती.

सुभेदार रजेवर घरी आला तेव्हा मालनबाईंचा धाकटा भाऊ विलास इथेच होता. त्याने मेहुण्याचं रिकामं मनगट बघितलं, मग बॅटरी बघितली, आणि भर पारावर म्हणाला, आमच्या बापानं म्हैस दिली, दाजींनी तिची बॅटरी केली. गाव हसलं. धोंडेवाडीत पुढे कित्येक वर्षं कुणी तोट्याचा व्यवहार केला की त्याला म्हैस देऊन बॅटरी घेतली म्हणत. मालनबाईंनी भावाला त्याच पारावर सुनावलं, की माझा मालक सगळं बघून-सवरून घेणारा हाय, तो फसायचा न्हाई. त्यावरून जे तुटलं ते तुटलंच. पंधरा वर्षं विलास भाऊबीजेला आला नव्हता. या दर दिवाळीला पाट मांडून ठेवायच्या आणि संध्याकाळी उचलायच्या.

"सुभेदार काय म्हणायचे?" मी विचारलं.

"जास्ती बोलायचं न्हाईत. म्हणायचं, मालन, जाणकार बघंल तवा सांगंल." त्या माझ्याकडे बघत होत्या. "साहेब, आजपातूर लई जणांनी ही हातात घेतली. पर तुमी जशी उलटीपालटी करून बगितलीत तशी कुणी न्हाई बगितली. तुमाला कळतंय ह्यातलं. मी पंधरा वर्षं लोकांस्नी सांगत आले, ते फसले न्हाईत म्हणून. पर मला तरी कुटं ठावं हाय? तुमी सांगा. ते फसले का?"

सांगायला हवं होतं ते एका ओळीत मावणारं होतं. बाई, तुमचा सुभेदार फसला नाही, त्या घड्याळाच्या किमतीत अशा बॅटरीचं झाकणसुद्धा येणार नाही. हे वाक्य मला येत होतं. पण ते बोललो असतो तर बॅटरी माझी झाली नसती, निदान मला परवडेल अशी झाली नसती.

"फसले," मी म्हणालो.

एवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. पण कारागिराला आपल्या कामाचा अभिमान असतो. मी मान हलवून, हळहळल्यासारखं, आणखी एक वाक्य जोडलं, की असल्या बॅटऱ्या तिकडे वाण्याच्या दुकानात मिळतात.

मालनबाईंनी बॅटरी हातात फिरवली. रडल्या वगैरे नाहीत. फक्त बटण दाबलं, बंद केलं, पुन्हा दाबलं. मग म्हणाल्या, "बरं झालं. येकदाचं कळलं." आणि उठून चहा गाळायला गेल्या. मला त्या क्षणी शरम वाटली का? वाटली. पण शरमेपेक्षा नंबराचा तो वाकडा सात जास्त दिसत होता, हेही खरं.

चहा पिता पिता मी विषय काढला. माझ्या गाडीत ठेवायला एखादी जुनीपुराणी बॅटरी हवी आहे, रस्त्यात चाक बसलं तर बरी पडते. हिचे तीनशे देईन. त्या म्हणाल्या, न्या की, आता मला तरी तिचं काय. हात पुढे करून घ्यायला हवी होती. पण माझा एक नियम होता आणि त्या नियमाचा मला फार गर्व होता. घ्यायची वस्तू पहिल्या भेटीत उचलायची नाही. उतावळेपणा दिसला की भाव चढतो. मी घड्याळात बघून म्हणालो, उद्या गिरणीच्या उरलेल्या कामाला यायचंच आहे, तेव्हा नेईन, विसरलो तरी हरकत नाही. विसरलो तरी हरकत नाही, हे मी मुद्दाम म्हणालो.

संध्याकाळी साताऱ्याच्या लॉजवरून मी बंगळूरच्या एका संग्राहकाला फोन केला. त्याने तीनदा नंबर विचारला. मग म्हणाला, काळा रंग मूळचा असेल आणि नंबर हाताचा असेल, तर सव्वा लाख, मी स्वतः येऊन नेतो. विकायची नाही म्हणून मी त्याला ऐटीत सांगितलं आणि त्याचा हिरमोड झालेला ऐकून सुखाने जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी आधी गिरणीचं काम उरकलं. जळालेल्या जात्याचे दगड मोजले, पट्टा मोजला, पोपट बर्ग्यांचा चेहरा पडेल असा आकडा लिहिला, आणि दुपारी, सहज आठवल्यासारखं, मालनबाईंकडे गेलो. त्या दारातच होत्या, न्हाऊन, धुवट लुगडं नेसून. मला बसवून त्यांनी आतून ताट आणलं. ताटात घेवड्याची एक छोटी थैली होती, आणि तिच्या शेजारी चांदीसारखं लखलखीत काहीतरी उभं ठेवलं होतं, वर हळदीकुंकवाचं बोट लावलेलं. मला वाटलं अत्तरदाणी असावी.

"वळखली का?" त्या म्हणाल्या.

ओळखली. बुडाच्या रबरावरून ओळखली, दुसरी खूणच उरली नव्हती. काळ्या रंगाचा ठिपकासुद्धा कुठे राहिलेला नव्हता. कुशीला बोट फिरवलं, तर शेवाळ लागलेल्या दगडासारखी गुळगुळीत. शून्य गेलं होतं, दोन गेला होता, एक गेला होता, आणि तो वाकडा सात गेला होता.

त्या मोठ्या कौतुकाने सांगत होत्या. मळकी वस्तू आपल्या दारातून दुसऱ्याच्या घरी धाडत नाहीत. म्हणून काल तुम्ही गेल्यागेल्या आतलं सगळं काढून धुण्याच्या सोड्यात उकळायला टाकली, दोन तास. काळं निघेना, मग राख आणि तारेची घासणी घेतली. रात्री हात दुखले, पहाटे पुन्हा बसले. सगळं निघालं, पण तो नंबर काही निघेना. आता आपल्या घरचा नंबर घातलेली वस्तू परक्याला कशी द्यायची? भांडं विकायचं झालं तरी आधी त्याच्यावरचं नाव घासतात. सुभेदाराचा पलटणीतला नंबर असणार तो. म्हणून पोपटकडून पॉलिश पेपर आणला आणि तासभर बसून तेवढा काढला.

"आता तुमची झाली," त्या म्हणाल्या. "आमची काय सुदीक खूण ऱ्हायली न्हाई."

अति शहाणा त्याचा बैल रिकामा, हे मी लहानपणी फळ्यावर लिहून काढलं होतं. अर्थ धोंडेवाडीत कळला. काल जर एका शब्दाने म्हणालो असतो, की हिला हात लावू नका, मोलाची आहे, तर त्या बाईने ती देव्हाऱ्यात ठेवली असती. पण मोलाची नाही हे मीच सांगितलं होतं. बिनमोलाची वस्तू निदान स्वच्छ तरी असावी, एवढंच त्यांनी बघितलं.

मी तीनशे रुपये पुढे केले. त्यांनी घेतले नाहीत. उलट, आतले सेल जुने झाले होते, विझायला आलेला दिवा कुणाला देऊ नये, म्हणून सकाळच्या एसटीने कोरेगावला जाऊन त्यांनी फोटोवाल्याकडून, हिला लागतात ते कॅमेऱ्याचे, नवे सेल आणले होते. साडेतीनशेला जोडी. मी बटण दाबलं. भर दुपारी भिंतीवर पांढराशुभ्र गोळा उमटला, बरोबर सुभेदाराच्या फोटोवर. मी घाईने बंद केली.

निघताना त्या म्हणाल्या, "विलासला फोन केला काल. म्हणलं, तुजंच खरं व्हतं बाबा. येक जाणकार आलता, त्यानं सांगितलं. दिवाळीला येतो म्हणलाय."

पुण्याला आल्यावर ती बॅटरी मी कपाटात ठेवली नाही. टेबलाच्या खणात टाकली. बंगळूरच्या माणसाला सगळं सांगितलं तेव्हा त्याने आधी नंबर खरंच गेला का, ते विचारलं. मग म्हणाला, आता तिचं पेपरवेट करा. जाता जाता त्याने एक विचारलं, तिचं चामड्याचं म्यान असायचं, पट्ट्याला अडकवायचं, ते आहे का? नुसत्या म्यानालासुद्धा पंधरा-वीस हजार येतात.

म्हणून दिवाळी झाल्यावर चौथ्या दिवशी मी पुन्हा धोंडेवाडीला गेलो. खोटं कशाला सांगू, पश्चात्ताप वगैरे होऊन गेलो नाही. म्यानासाठी गेलो. तेल गेलं, तूप गेलं, निदान धुपाटणं तरी हाती यावं, एवढाच हिशेब होता.

ओटीवर माझ्याच त्या लोखंडी खुर्चीत एक पन्नाशीचा गृहस्थ बसला होता, पुढ्यात फराळाचं ताट. हाच विलास. मालनबाईंना माझ्या येण्याचा कोण आनंद झाला. ह्येच ते जाणकार, असं त्यांनी भावाला सांगितलं. विलासरावांनी उठून माझ्याशी हात मिळवला आणि मला शेजारी बसवून ताट आणायला लावलं. मग आपल्या मेहुण्याबद्दल बोलायला लागले. वाईट बोलत नव्हते. ते वाईट बोलले असते तर मला सोसलं असतं.

"दाजी भोळा माणूस," ते म्हणाले. "गोळी झेलायला सांगा, झेलील. पर येव्हाराचं डोस्कं नव्हतं. मी आक्काला तवाच म्हणलं हुतं. आता आक्काला बी पटलं, तर माझा काय राग न्हाई."

मालनबाई हसून मान हलवत होत्या. ज्या बाईने पंधरा वर्षं साऱ्या गावाशी आणि पाठच्या भावाशी एका शब्दावरून वैर घेतलं, ती तो शब्द सोडून देऊन भावाच्या ताटात करंजी वाढत होती. मी नजर वळवली ती भिंतीकडे. तिथे फोटो नव्हता. खिळा होता आणि खिळ्याखाली चुन्याचा चौकोन जरा जास्त पांढरा होता.

"फोटो?" मी विचारलं.

"आत ठिवलाय," त्या म्हणाल्या. "चार दिवस. विलासला दाजीम्होरं जेवायला अवघडाय नको."

धंद्यात तीस वर्षं काढली, हजारो लोकांच्या नुकसानीवर सही केली, पण असा चौकोन कधी बघितला नव्हता. मी ताट बाजूला सारलं आणि बोलायला लागलो. सगळं बोललो. सुभेदार फसले नव्हते. ती बॅटरी पहिल्या खेपेतली होती, जगात काहीशेच आहेत, नंबर सुभेदारांचा नव्हता, तिचाच होता, आणि त्या नंबरामुळे तिला सव्वा लाख आले असते. बंगळूरच्या माणसाचं नाव सांगितलं, फोन लावून देतो म्हणालो. ते घड्याळ आज पाचशे रुपयांचं नसेल. सुभेदारांना वस्तू कळत होती, जाणकार सांगेल म्हणाले होते ते बरोबर होतं. जाणकारानेच खोटं सांगितलं, कारण जाणकाराला ती फुकटात हवी होती. मी खोटं बोललो, मालनबाई. मी.

विलासरावांची चकली तोंडापाशी थांबली. त्यांनी बहिणीकडे बघितलं.

मालनबाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांचे डोळे भरले होते. मला वाटलं, आता त्या ओरडतील, शिव्या देतील, आणि मी ऐकून घेईन, आणि आत जाऊन तो फोटो आणून पुन्हा खिळ्यावर लावतील.

"दादा," त्या म्हणाल्या. तोपर्यंत मी साहेब होतो. "मेलेल्या माणसाची अब्रू राकायला येवडं कोन येतंय पुन्यासनं? लई मोठं मन तुमचं."

मी पुन्हा सांगायला गेलो. काय दाखवणार होतो? पुराव्याचा नंबर त्यांनीच तासभर बसून घासला होता. बंगळूरचा फोन लावू का, म्हणून मी पुन्हा विचारलं. त्यांनी हाताने नको म्हटलं, उठून आत गेल्या, आणि तेल चोळून मऊ केलेलं चामड्याचं म्यान घेऊन आल्या. हे राहिलं होतं द्यायचं, तुमच्यासाठीच काढून ठेवलं होतं, म्हणून माझ्या हातात ठेवलं. मी ते घेतलं.

"त्या दिशी इचारलं तवा येका शब्दात सांगितलंत, फसले म्हणून," त्या म्हणाल्या. "आज बगा किती बोलाय लागलं. खऱ्याला येवडं बोलावं लागत न्हाई." आणि पदराने डोळे पुसून त्या हसल्या. "तुमाला खोटं बोलता येत न्हाई, दादा."

विलासरावांनी मान डोलावली आणि माझ्या ताटात आणखी एक करंजी वाढली.